न चाललेल्या चाचण्यांचा जमाखर्च

सॉफ्टवेअरची चाचणी एक तर उत्तीर्ण होते किंवा अनुत्तीर्ण होते, अशी या व्यवसायात नव्याने येणाऱ्याची समजूत असते आणि पाठ्यपुस्तकेही बहुधा तीच दृढ करतात. प्रत्यक्षात कोणत्याही मोठ्या प्रकल्पाच्या चाचण्या चालवल्यावर जो अहवाल हाती येतो, त्यात तिसरा एक आकडा हमखास असतो आणि तो असतो मुद्दाम न चालवलेल्या, म्हणजेच ‘स्किप’ केलेल्या चाचण्यांचा. या तिसऱ्या आकड्याला काही परंपरांत आरंभापासून जागा होती, काहींत ती बऱ्याच वर्षांच्या ओढाताणीनंतर मिळाली, आणि मिळाल्यावरही तो आकडा यशात धरायचा की अपयशात, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामच्या एखाद्या लहान, सुटा करून तपासता येण्याजोग्या भागाला ठरावीक माहिती पुरवून त्याचे उत्तर अपेक्षेशी ताडून पाहणारा दुसरा लहान प्रोग्राम. आणि अशा शेकडो-हजारो चाचण्या शोधून, ओळीने चालवून, त्यांचा निकाल मांडणारी यंत्रणा म्हणजे चाचणी फ्रेमवर्क. चाचणी वगळण्याची कारणे नाना परींची असतात. फाइलींच्या परवानग्या तपासणारी युनिक्सवरची चाचणी विंडोजवर निरर्थक ठरते, डेटाबेसशी बोलणारी चाचणी डेटाबेस नसलेल्या लॅपटॉपवर चालूच शकत नाही, एखादी इतकी वेळखाऊ असते की प्रत्येक लहान बदलामागे ती चालवणे परवडत नाही, आणि एखादी अशीही असते की तिने दाखवलेला दोष सर्वांना ठाऊक आहे, पण तो दुरुस्त करायला कोणाला सवड नाही. पहिल्या तीन प्रसंगी वगळणे रास्तच असते. चौथ्या प्रसंगी ते कर्ज काढण्यासारखे असते. या दोन जातींची गल्लत ही या इतिहासातील बहुतेक वादांची जननी आहे.

ही गल्लत टाळण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न मानके ठरवणाऱ्यांनी केला, प्रोग्रामरांनी नव्हे. १९८०च्या दशकात युनिक्स या संगणकप्रणालीच्या निरनिराळ्या कंपन्यांनी काढलेल्या आवृत्त्या एकमेकींपासून इतक्या दुरावल्या होत्या की त्यांच्यासाठी ‘पॉझिक्स’ हे सामाईक मानक तयार करावे लागले, आणि एखादी प्रणाली त्या मानकाला धरून आहे की नाही हे तपासायचे कसे, यासाठी त्याच मालिकेत १००३.३ हा स्वतंत्र भाग लिहिला गेला. त्यात चाचणीच्या निकालाचे पाच प्रकार होते: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, अनिर्णित, अचाचणित आणि असमर्थित. चाचणी चालली पण निष्कर्ष निघू शकला नाही आणि माणसाने लक्ष घालणे आवश्यक आहे, ती अनिर्णित. चाचणी अजून लिहिलेलीच नाही, फक्त तिची जागा राखली आहे, ती अचाचणित. आणि मानकाने ऐच्छिक ठेवलेली सोय त्या प्रणालीवर मुळात नाही, म्हणून चाचणी लागूच होत नाही, ती असमर्थित. प्रमाणपत्र देण्या-नाकारण्याचा प्रश्न असल्यामुळे ही काटेकोर वर्गवारी स्वाभाविक होती, कारण ‘तपासले नाही’ आणि ‘तपासण्यासारखे नाही’ यांतील फरकावर विक्रेत्याचा धंदा अवलंबून होता.

हीच वर्गवारी १९९०च्या दशकाच्या आरंभी सिग्नस या कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी रचलेल्या ‘देजाग्नू’ या फ्रेमवर्कने उचलली. जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा डीबगर यांच्या चाचण्या याच फ्रेमवर्कमध्ये लिहिल्या गेल्या. देजाग्नूने मानकातील पाच प्रकारांना दोन नवे जोडले: ‘एक्सफेल’ म्हणजे अनुत्तीर्ण होणार हे आधीच ठाऊक असलेली आणि तशीच झालेली चाचणी, आणि ‘एक्सपास’ म्हणजे अनुत्तीर्ण होईल असे गृहीत धरलेली, पण अनपेक्षितपणे उत्तीर्ण झालेली चाचणी. पुढे त्यात ‘केफेल’ या प्रकाराची भर पडली, आणि तिच्यामागचा विचार विशेष लक्षणीय आहे. एक्सफेल ही खूण दोष बाहेरचा असेल तेव्हा, म्हणजे कंपायलर किंवा कार्यप्रणाली सदोष असेल तेव्हा वापरायची, आणि ज्या प्रोग्रामची चाचणी चालली आहे त्याच्यातच दोष असेल तर केफेल वापरायची, तीही दोषनोंदवहीतील क्रमांक सोबत देऊनच. म्हणजे कर्ज काढता येई, पण खात्याचा क्रमांक लिहिल्याशिवाय नाही. पुढील दोन दशकांत निघालेल्या कित्येक नामांकित फ्रेमवर्कांत ही शिस्त आढळत नाही.

पर्ल या भाषेची परंपरा याहून जुनी आणि अधिक घरगुती आहे. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हाच तिच्यासोबत ‘टी’ नावाच्या फोल्डरमध्ये चाचण्या होत्या, आणि त्यांचा निकाल अगदी साध्या मजकुराच्या रूपात छापला जाई. पहिल्या ओळीत एकूण किती चाचण्या होणार याची घोषणा, उदाहरणार्थ ‘१..५’, आणि मग एकेका चाचणीमागे ‘ओके १’, ‘नॉट ओके २’ अशी एकेक ओळ. पुढे ‘टॅप’ या नावाने रूढ झालेल्या या पद्धतीचे मर्म त्या पहिल्या ओळीत आहे. पाच चाचण्या होणार असे आरंभीच जाहीर केल्यामुळे चारच ओळी आल्या तर एक कुठे तरी गळाली हे मोजणाऱ्या प्रोग्रामच्या तत्काळ लक्षात येई, आणि त्यामुळे चाचणी गुपचूप नाहीशी करणे या पद्धतीत अवघड होते.

याच कारणामुळे पर्लमध्ये चाचणी वगळायची म्हणजे तिच्या नावाची ओळ छापून वगळायची, असा प्रघात पडला. मायकेल श्वर्न यांनी २००१च्या सुमारास तयार केलेल्या ‘टेस्ट::मोअर’ या मॉड्यूलमध्ये त्याला रेखीव रूप आले. समजा, सिम्बॉलिक लिंक या सोयीवर अवलंबून असलेल्या तीन चाचण्या आहेत आणि चालू संगणकावर ती सोय नाही. अशा वेळी प्रोग्रामर त्या तिन्ही चाचण्या ‘स्किप’ असे लेबल लावलेल्या कंसात ठेवतो आणि आरंभी एक अट घालून ‘स्किप’ या फंक्शनला दोन गोष्टी सांगतो: कारण, आणि वगळायच्या चाचण्यांची संख्या, म्हणजे येथे तीन. फंक्शन लगेच ‘ओके’च्या तीन ओळी छापते, प्रत्येकीपुढे ‘#’ हे चिन्ह, ‘स्किप’ हा शब्द आणि ते कारण जोडते, आणि कंसाबाहेर उडी मारते. संख्या चुकली तर आरंभीच्या घोषणेशी बेरीज जुळत नाही आणि चूक उघडी पडते. हिशेबनीसाला शोभेल अशी ही व्यवस्था आहे. तिच्यातील एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे वगळलेल्या चाचणीच्या ओळीचा आरंभही ‘ओके’नेच होतो, आणि घाईत वाचणाऱ्याची नजर पुढच्या कारणापर्यंत पोहोचेलच असे नाही.

त्याच मॉड्यूलने ‘टूडू’ ही वेगळी खूणही दिली. ती लावलेली चाचणी वगळली जात नाही, चालवली जाते. ती अनुत्तीर्ण झाली तर एकूण निकाल बिघडत नाही, पण अचानक उत्तीर्ण झाली तर अहवालात तसे सांगितले जाते, जेणेकरून दोष कोणी तरी दुरुस्त केला असून खूण काढायची राहिली आहे हे कळावे. परिस्थितीमुळे चालू न शकणारी चाचणी आणि काम अपुरे असल्यामुळे अनुत्तीर्ण होणारी चाचणी या दोन निराळ्या जाती आहेत, हे पर्लच्या मंडळींनी मानकाचा आधार न घेताही ओळखले होते.

दरम्यान इतिहासाने मात्र दुसरीकडे उलटे वळण घेतले होते. केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी लिहिलेल्या ‘एसयुनिट’चा विचार त्यांनी आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये, एका विमानप्रवासात, जावा भाषेत उतरवला आणि त्यातून ‘जेयुनिट’ जन्माला आले. त्याचे यश त्याच्या साधेपणात होते. चाचण्या चालू झाल्या की पडद्यावर एक पट्टी सरकू लागते. सर्व उत्तीर्ण तर हिरवी, एकही अनुत्तीर्ण झाली की लाल. अपेक्षित उत्तर न मिळाल्याचे अपयश आणि चाचणीच मध्ये कोसळल्याची चूक असा फरक जेयुनिट करीत असे, परंतु न चाललेल्या चाचणीसाठी त्यात खूणच नव्हती. ज्या मेथडचे नाव ‘टेस्ट’ने सुरू होते ती चाचणी, एवढाच नियम असल्यामुळे त्रास देणाऱ्या चाचणीच्या नावामागे एक ‘एक्स’ लावला किंवा ती कॉमेंटमध्ये टाकली की ती अहवालातून समूळ नाहीशी होई, पट्टी हिरवी राही, आणि एकूण संख्येत एकाने घट झाल्याचे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नसे, कारण पर्लसारखी आधी घोषणा करण्याची पद्धत येथे नव्हती. बेक आणि गामा यांनी हे अनवधानाने केले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; चाचणी लिहिण्याची सवयच नसलेल्या पिढीला ती लावायची होती, आणि पाच प्रकारच्या निकालांचा तक्ता पुढे ठेवून ती लागली नसती. पण जेयुनिटच्या नमुन्यावर अनेक भाषांत निघालेल्या फ्रेमवर्कांच्या पिढीने, म्हणजे ज्यांना एकत्रितपणे ‘एक्सयुनिट’ म्हणतात त्यांनी, हा साधेपणा वारशात घेतला आणि त्याबरोबर ही उणीवही.

ती भरून काढायला आरंभ डॉटनेटच्या जगात झाला. २००२ मध्ये आलेल्या ‘एनयुनिट’च्या दुसऱ्या आवृत्तीने मेथडच्या नावाऐवजी तिच्यावर लावलेल्या ॲट्रिब्यूटवरून चाचणी ओळखण्याची पद्धत आणली आणि ‘इग्नोअर’ हे ॲट्रिब्यूटही दिले. त्याच्या खिडकीतील पट्टीला तिसरा रंग मिळाला: अपयश नाही, पण काही चाचण्या वगळल्या आहेत, अशा वेळी ती पिवळी होई. जेयुनिटच्या फेब्रुवारी २००६ मधील चौथ्या आवृत्तीने हीच सोय जावात आणली, पण पिवळा रंग आणला नाही. टर्मिनलवर चालणाऱ्या तिच्या रूपात वगळलेल्या चाचणीमागे ‘आय’ हे एक अक्षर छापले जाई आणि शेवटी ‘ओके’ म्हणून केवळ चाललेल्या चाचण्यांची संख्या येई. अहवालात जागा मिळाली, ती एका अक्षराएवढी.

जेयुनिट ४.४ ने २००७ मध्ये ‘अझम्प्शन’, म्हणजे गृहीतक, ही अधिक सूक्ष्म कल्पना पुढे आणली. वगळायचे की नाही हे आधीच लिहून ठेवण्याऐवजी चाचणीच चालू झाल्यावर पाहते की आवश्यक परिस्थिती आहे का, आणि नसेल तर विशिष्ट एक्सेप्शन फेकून थांबते. कल्पना उत्तम, पण भोवतालच्या काही साधनांना हे एक्सेप्शन कसे मोजायचे हे ठाऊक नसल्यामुळे गृहीतक न जुळलेली चाचणी कित्येक अहवालांत सरळ उत्तीर्णांच्या रांगेत जाऊन बसली. सेद्रिक बूस्त यांचे २००४ मधील ‘टेस्टएनजी’ येथे अधिक विचारी ठरते. त्यात एक चाचणी दुसरीवर अवलंबून आहे असे लिहिता येते, आणि पहिली पडली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या चाचण्या अनुत्तीर्ण न होता वगळल्या जातात, त्यामुळे सर्व्हरच सुरू न झाल्याने कोसळलेल्या पन्नास चाचण्यांच्या गर्दीत मूळ कारण हरवत नाही. येथे वगळणे ही सवलत नसून निदान आहे.

पायथनची कथा या सर्वांत वक्र आहे. जेयुनिटवर बेतलेले ‘युनिटटेस्ट’ हे मॉड्यूल २००१ मध्ये पायथन २.१ बरोबर प्रमाणित संग्रहात आले, पण त्यात चाचणी वगळण्याची सोय २००९ मध्ये आवृत्ती ३.१ मध्ये आणि नंतर २०१० मध्ये २.७ मध्ये आली. मधल्या काळात ट्विस्टेड प्रकल्पाचे ‘ट्रायल’ आणि ‘नोझ’ या फ्रेमवर्कांनी आपापली सोय करून घेतली होती. गंमत अशी की पायथन भाषेच्या स्वतःच्या चाचण्या चालवणाऱ्या ‘रेग्रटेस्ट’ या प्रोग्रामला वगळण्याची सोय त्याआधीच होती, नव्हे, तिथे तिचा असा हिशेब ठेवला जाई की तसा अन्यत्र क्वचितच आढळतो. कोणत्या कार्यप्रणालीवर कोणत्या चाचण्या वगळल्या जाणे अपेक्षित आहे, याची यादीच त्या प्रोग्राममध्ये लिहिलेली होती, आणि चाचण्या संपल्यावर तो सांगत असे की वगळलेल्या सर्व चाचण्या या प्रणालीवर अपेक्षितच होत्या, किंवा अमुक एक चाचणी अनपेक्षितपणे वगळली गेली आहे. लिनक्सवर आवाजाच्या उपकरणाची विंडोजची चाचणी वगळली गेली तर त्यात नवल नाही. पण झिपची चाचणी वगळली गेली, तर पायथन बांधताना एखादी लायब्ररी राहून गेली असण्याचा संभव आहे, आणि हा संभव केवळ संख्येवरून कधीच कळला नसता. ही यादी हाताने सांभाळावी लागे आणि प्रत्येक नव्या प्रणालीसाठी वाढवावी लागे, त्यामुळे पुढे ती काढून टाकण्यात आली. कल्पना योग्य होती, तिची निगा राखणे परवडले नाही.

‘युनिटटेस्ट’मधील नव्या सोयींत ‘एक्स्पेक्टेड फेल्युअर’, म्हणजे अपेक्षित अपयश, हीही खूण होती. परंतु अशी खूण लावलेली चाचणी अनपेक्षितपणे उत्तीर्ण झाली तरी एकूण निकाल यशस्वीच धरला जाई, आणि तो अयशस्वी धरण्याचा बदल पायथन ३.४ मध्ये झाला. रूबी भाषेतील ‘आरस्पेक’ने २०१४ मधील तिसऱ्या आवृत्तीत असाच निवाडा केला: ‘स्किप’ म्हटले तर चाचणी चालवायची नाही, ‘पेंडिंग’ म्हटले तर चालवायची, आणि ती उत्तीर्ण झाली तर तेच अपयश मानायचे. देजाग्नूने एक्सपासला वेगळे नाव देऊन तोवर दोन दशके लोटली होती.

या सगळ्या फ्रेमवर्कांनी अहवाल सुधारला, तरी अहवाल वाचतो कोण, हा प्रश्न उरतोच. कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे प्रत्येक बदलानंतर सर्व्हरवर आपोआप चाचण्या चालवण्याची पद्धत रूढ झाल्यापासून निकालाचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव वाचक यंत्र असते, आणि ते यंत्र मजकूर वाचत नाही, प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो एक अंक, म्हणजे एक्झिट कोड वाचते. युनिक्सच्या संकेतानुसार शून्य म्हणजे यश आणि शून्येतर काहीही म्हणजे अपयश. तिसऱ्या उत्तराला येथे जागाच नाही. ग्नूच्या ऑटोमेकने ७७ हा अंक ‘वगळली’ या अर्थाने राखून ठेवला, पण ते त्याच्या घरापुरते. लिनक्स कर्नलच्या ‘केसेल्फटेस्ट’ या चाचणीसंग्रहात त्यासाठी ४ हा अंक ठरला होता, तरी अनेक चाचण्या आवश्यक सोय न सापडल्यास निमूटपणे शून्य देऊन बाहेर पडत आणि त्यांची गणना उत्तीर्णांत होई. परीक्षेला गैरहजर राहिलेल्याला गुणपत्रिकेत पहिला वर्ग द्यावा, तसा हा प्रकार होता. त्या संग्रहाच्या व्यवस्थापक शुआ खान यांनी २०१८ मध्ये बदलांची लांबलचक मालिका पाठवून एकेका चाचणीत शून्याच्या जागी ४ आणला. काम कंटाळवाणे, प्रत्येक बदल दोन-चार ओळींचा. पण कर्नलच्या एखाद्या विभागाची तपासणी खरोखर झाली की नाही, हे त्याविना सांगता येत नव्हते.

नव्या भाषांनीही या बाबतीत फारशी सावधगिरी दाखवलेली नाही. गो भाषेत वगळलेल्या चाचणीचे कारण सविस्तर अहवाल मागितल्याशिवाय दिसत नाही, एरवी त्या पॅकेजपुढे फक्त ‘ओके’ येते. याच्या दुसऱ्या टोकाला गूगलच्या सी प्लस प्लस फ्रेमवर्कमध्ये चाचणीच्या नावामागे ‘डिसेबल्ड’ हा उपसर्ग लावला की प्रत्येक वेळी अहवालाच्या शेवटी, पिवळ्या अक्षरांत, बंद ठेवलेल्या चाचण्यांची संख्या छापली जाते. नावात बदल करून चाचणी बंद करण्याची जेयुनिटकालीन युक्तीच येथे अधिकृत झाली, फक्त तिच्यामागे डोळ्यांत खुपणारी सूचना जोडली गेली. जेम्स न्यूकर्क आणि ब्रॅड विल्सन यांच्या ‘एक्सयुनिट डॉट नेट’ने आणखी साधा तोडगा काढला: त्यात वगळण्याची खूण म्हणजेच कारणाचा मजकूर आहे, तेव्हा कारण न लिहिता वगळणे शक्यच नाही. एनयुनिटनेही तिसऱ्या आवृत्तीत कारण सक्तीचे केले आणि सोबत ‘अनटिल’, म्हणजे अमुक तारखेपर्यंत, अशी मुदत घालण्याची सोय दिली. ती तारीख उलटली की चाचणी आपोआप पुन्हा चालू लागते.

मुदतीची ही कल्पना बेभरवशाच्या चाचण्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची ठरते. कोडमध्ये काहीही बदल नसताना कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचणीला या व्यवसायात ‘फ्लेकी’ म्हणतात, आणि गूगलच्या जॉन मिको यांनी २०१६ मध्ये नोंदवले होते की तेथील जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक प्रमाणात हा दोष आढळतो. मार्टिन फाउलर यांनी २०११ मध्येच अशा चाचण्या विलग करून ठेवाव्यात, मात्र तेथे एका वेळी किती आणि किती काळ राहू द्यायच्या याला मर्यादा असावी, असे सुचवले होते. मर्यादेशिवाय विलगीकरण म्हणजे सावकाश केलेली हकालपट्टीच, कारण वगळलेली चाचणी भोवतालचा कोड बदलत गेल्यावर वर्षभरात चालवण्याच्याही लायकीची राहत नाही.

एक्झिट कोडचा प्रश्न अगदी अलीकडे पुन्हा उघडला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ ने ठरवले की एकही चाचणी चालली नाही तर ‘युनिटटेस्ट’ने ५ हा अंक द्यावा, जेणेकरून फोल्डरचे नाव चुकल्यामुळे चाचण्याच न सापडल्या, तर ते यश म्हणून खपू नये. लगेच पुढचा प्रश्न आला: चाचण्या सापडल्या, पण सर्वच्या सर्व वगळल्या गेल्या, तर काय? ३.१२.१ या दुरुस्ती आवृत्तीत अशा वेळीही ५ देण्याचा निर्णय झाला, आणि ३.१२.२ मध्ये तो फिरवण्यात आला. फिरवण्याचे कारण असे दिले गेले की ५ या अंकाचा हेतू चाचण्या न सापडणे ओळखण्याचा होता, आणि वगळलेल्या चाचण्या सापडलेल्या असतात. तर्क निर्दोष आहे, आणि त्यानुसार ज्या संग्रहातील एकही चाचणी चालली नाही, तो संग्रह आज पायथनमध्ये शून्य अंक देऊन, यशस्वी म्हणून बाहेर पडतो.